फुप्फुस म्हणजे गादी नाही

अमरावती
९ फेब्रुवारी २०१५

अफिफाच्या अब्बांना,

सलाम.

वर बिस्मिल्लाऐवजी ७८६ लिहायचं ते कागदाच्या मानासाठी, ते मनात म्हणून घेतलं. सलाम लिहिला तो सवयीने. याच्यापुढे गोड काही नाही. चष्मा लावायचा असेल तर लावा, नाहीतर राहू द्या.

घरात फोन असताना ही बाई कागद काहून काळे करून राहिली, असं म्हणाल. परवा फोनवर माझं बोलणं पुरतं सुरूही झालं नव्हतं, तोच तुम्हांला दम लागला. दम खरा होता. एवढी वर्षं तुमच्या शेजारी झोपले आहे, खरा दम आणि खोटा दम मला कानाने कळतो. पण त्या खऱ्या दमाच्या आड लपून तुम्ही फोन ठेवलात, हेही मला कानानेच कळलं. कागदाला दम लागत नाही. अर्धा वाचून खाली ठेवला तरी उरलेलं तिथंच बसून राहतं.

गल्लीत तुम्ही सांगितलं म्हणे, की बानो इफ्फतच्या परीक्षेसाठी पोरीकडे गेली. इफ्फत तिसरीत आहे. तिसरीच्या परीक्षेला नानी लागत नाही. मी भांडून आले आहे. ते सांगायची लाज वाटत असेल तर दुकानातलं रुई पिंजायचं मशीन बंद करा. मग मी परीक्षेसाठीच आले होते असं चारचौघांत मीही सांगेन.

तुम्हांला विसरायची सोय आहे, म्हणून मांडून ठेवते. दिवाळीनंतर तुमचे ओठ जांभळे पडले आणि आपण तुम्हांला रिक्षात घालून नेलं. सुट्टी देताना छातीच्या डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवलं. रुईच्या धुळीने आतल्या नळ्या आवळल्या आहेत, त्या आता पहिल्यासारख्या व्हायच्या नाहीत, असं ते म्हणाले. धूळ बंद केली आणि व्यायाम केला तर आहे तो श्वास पुरवून वापरता येईल. असाच आणखी एक झटका आला तर मात्र माझ्या भरवशावर राहू नका, असंही म्हणाले. धुळीच्या नावाने तुम्ही मान डोलावली. व्यायामाच्या नावाने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही त्यांनी तुम्हांला आखाड्यात उतरायला सांगितलं.

तुमचंही खोटं नाही. आपल्या घरात दमेकऱ्याला कोणी हलूच देत नाही. अंथरुणावर बसवायचं, मागे उशी लावायची, पाण्याचा गिलास हातात द्यायचा, आणि पाय काड्यांसारखे झाले की म्हणायचं, आजाराने खाल्लं. तुमच्या अब्बांना आपण तसंच बसवलं होतं. आजाराने किती खाल्लं आणि आपल्या मायेने किती, ते त्यांना विचारायची आता सोय नाही.

म्हणून अफिफाने इथली, दमेकऱ्यांना व्यायाम शिकवायची ती जागा शोधली, आणि तिथे शिकवणारी आदिती भेटली. पोरगी वयाने लहान, पण डोळ्यांत डोळे घालून बोलते. आधी तिने तुम्हांला चालत्या पट्ट्यावर उभं केलं, आणि तुमची धाप बघून लगेच उतरवलं. मग ती थरथरणारी पाटी. रुंद पाटासारखी, पोटात मोटर. पाय फाकवायचे, गुडघे जरा वाकवायचे, समोरचा कठडा धरायचा. पाटी एका बाजूने वर, एका बाजूने खाली अशी भरभर हलते, आणि माणूस पडू नये म्हणून मांड्या आपल्या आपण काम करत राहतात. जागेवरून हलायचं नाही, म्हणून छातीवर फार ताण नाही. थोडं उभं राहायचं, खुर्चीत बसायचं, पुन्हा उभं राहायचं. बोटाला चिमटा लावून आदिती आकडा बघत राहायची.

पहिल्याच दिवशी तुम्ही हसलात. “पोरी, हे तं आमचं पिंजायचं मशीन झालं,” म्हणालात. मीही हसले. तुमचं डोकं तिथंच वाकड्या वाटेला लागलं हे कळलं असतं, तर दात दाखवले नसते.

फरक पडला की नाही, सांगा. अफिफाच्या जिन्यात दर वळणाला बसणारे तुम्ही, एका दुपारी एकदाच थांबून वर आलात. वर येऊन कांदाभजी मागितली. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं, ते तुम्हांला माहीत नाही. आता माहीत झालं.

आणि मग जुम्म्यापुरतं अकोल्याला जाऊन येतो म्हणून गेलात ते गेलातच.

मी मागून आले, तेव्हा दुकानात काय दिसलं तेही लिहिते. जुनी गादी फोडलेली. यंदा नवी रुई भरायला कोणाच्या घरात ऐपत आहे, लग्नाच्या गाद्याही आजीच्या गाद्या फोडूनच होतात, आणि जुन्या गादीत रुई कमी, धूळच जास्त. मशीन सुरू, खोलीभर धुकं, आणि मशीनच्या पायाशी जी फळी ठोकली आहे तिच्यावर तुम्ही उभे. गुडघे वाकवलेले, पायांत अंतर, अगदी आदितीने शिकवलं तसं. तोंडाला फडकंसुद्धा नाही. चेहरा असा की झोक्यावर बसवलेलं लेकरू.

“बानो, रुई झटकली का कचरा खाली पडते. छाती बी तशीच व्हय. तिथली पाटी चोखट, तिले कापसाचा कचरा काय समजते?”

मी बटण बंद केलं. तुम्ही माझ्या देखत ते पुन्हा सुरू केलं.

मी तशीच इकडची बस धरली. मूर्तिजापूरला ती थांबली तेव्हा खाली उतरून परत फिरावं असं एकदा मनात आलं होतं. नाही फिरले. मशीन बंद करा आणि या. आदितीने तुमची वेळ अजून कोणाला दिलेली नाही.

नसीमबानो

अमरावती
२१ फेब्रुवारी २०१५

अफिफाच्या अब्बांना,

तुमचं कार्ड मिळालं. अक्षर अजून वळणदार आहे, त्याबद्दल हिवरखेडच्या तुमच्या गुरुजींना दुवा. मजकुराबद्दल कोणाला काय द्यावं ते समजेना.

तुम्ही लिहिता, तब्येत एकदम फर्स्ट क्लास. लिहिता, सकाळी फळीवर उभं राहिलं की खूप खोकला सुटतो आणि कचरा बाहेर पडून राहिला. अहो, तो कचरा कालचा नाही, त्याच सकाळचा आहे. फळीवर उभं राहून जो आत घेता तोच खोकून बाहेर काढता, आणि वर खूश होता. फुटक्या घागरीत पाणी ओतायचं आणि खालून वाहताना बघून म्हणायचं, बघा किती पाणी निघालं.

इथवर मी कपाळाला हात लावून वाचलं. पुढची ओळ वाचली आणि हात खाली आला. गल्लीतले दमेकरी येऊन राहिले, सगळ्यांना फळीवर चढवतो, देवमनभाऊ तर रोज येतात, असं तुम्ही लिहिलं. उतरल्यावर प्रत्येकाला गुळाचा खडा देता म्हणे.

गूळ. तुमच्या अब्बांच्या वेळेपासून तो डबा मशीनच्या वरच्या फळकुटावर आहे. पिंजण झाली की गूळ खायचा, म्हणजे धूळ छातीत न जाता पोटात उतरते. सासूबाईंनी मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं होतं. चहात साखर नसली तरी त्या डब्यात गूळ असायचाच. तो गूळ खाऊन अब्बा गेले, मोठे जेठ गेले, आणि आता तुम्ही तो देवमनभाऊंना वाटता. देवमनभाऊ आयुष्यभर जिनिंगमध्ये कापसातली सरकी काढायचे रेचे चालवलेला माणूस. त्याच्या छातीत आधीच काय कमी भरलं आहे, की तुम्ही आणखी भरून राहिले.

तुम्ही हकीम कधीपासून झालात?

मी कार्ड घेऊन आदितीकडे गेले. वाटलं, तिने हसावं, म्हणजे तिच्यावरही रागावता येईल. ती हसली नाही. तिने विचारलं, “चाची, चाचांना वाटतं धूळ आत साचून आहे आणि झटकली की पडेल?” मी म्हटलं, जन्मभर त्यांनी दुसरं काही केलंच नाही, तर दुसरं काय वाटेल. तेव्हा ती म्हणाली, “फुप्फुस म्हणजे गादी नाही हो. फोडून, पिंजून परत भरता येत नाही.”

मग तिने मला समजेल असं सांगितलं. पाटी छातीसाठी नाहीच. पाटी पायांसाठी आहे. पायांत ताकद असली की तेच जिने चढायला पाय कमी हवा मागतात. घरात कमावता तोच, पगार तोच, पण खाणारी तोंडं शहाणी झाली, की महिना निभतो. फुप्फुस तेवढंच राहणार, मांड्यांनी शहाणं व्हायचं. आणि त्यातही पाटी कोणालाही चढवत नाहीत. हाड मोडलेलं, पायात रक्ताची गुठळी असलेलं, चक्कर येणारं माणूस असेल तर नाही म्हणतात. तुमच्या फळीजवळ हे कोण विचारतं? गुळाचा डबा?

मी तिथे रोज जाते. चौकशीला. तुमची वेळ रिकामी दिसली तर दुसऱ्याला देतील, म्हणून त्या वेळेला मीच पाटीवर उभी राहते. आदितीला हौस, तिने माझ्याही बोटाला चिमटा लावला, आणि एका नळीत जोर लावून फुंकायला लावलं. मला फुंकता येईना, तर तीन-तीनदा फुंकून घेतलं. पोरीच्या जातीला कोणाला तरी दामटायला आवडतंच.

इफ्फत म्हणते, नानाला लिही की मी पाढे पाठ केले. लिहिलं.

मशीन बंद करा. दुसऱ्यांदा लिहिते आहे.

नसीमबानो

अमरावती
७ मार्च २०१५

अय्युब,

लग्नानंतर पहिल्यांदा तुमचं नाव लिहिलं. अफिफाचे अब्बा म्हणायची आज इच्छा नाही. ती बिचारी कशाला मध्ये.

तुमचं दुसरं पत्र गुरुवारी आलं. त्यात होतं की पेरूच्या झाडाला यंदा बार चांगला आहे, मोर्णा नदीला पाणी नाही, डासांनी वैताग दिला आहे, आणि घासलेटचा स्टोव्ह तुम्हांला पेटवता येतो. मी ते पत्र वाचून, खोटं कशाला बोलू, जरा विरघळले होते. अफिफाला म्हटलंही, रविवारी एक चक्कर टाकून येते.

आणि काल देवमनभाऊंच्या घरून पंचफुलाचा फोन आला.

देवमनभाऊ सोमवारी तुमच्या फळीवरून पडले. सोमवारी. तुमच्या पत्रावर मंगळवारची तारीख आहे. म्हणजे माणूस दवाखान्यात नाकाला नळी लावून पडलेला असताना तुम्ही बसून पेरूच्या झाडावर लिहीत होता.

पंचफुलाने मला सगळं सांगितलं, आणि ते तुमच्याबद्दल वाईट वाटावं म्हणून नाही सांगितलं. तिला वाटलं मला माहीतच असेल. देवमनभाऊंनीच म्हटलं म्हणे, की जरा जोरात फिरवा, कालच्यापेक्षा जास्त झटका पाहिजे. तुम्ही मोटर वाढवली. वर वाळलेली जुनी रुई घातली, कारण नव्या रुईने फळी कमी थरथरते. भाऊंना घेरी आली, हात सुटला, फळीच्या कोपऱ्यावर बरगडी आपटली, आणि तिथून जी धाप लागली ती दवाखान्यात नेईपर्यंत थांबेना. तुम्ही त्यांच्या बरोबर रिक्षात गेलात, हेही तिने सांगितलं. तुम्हांलाच एवढा दम लागला होता की दवाखान्यातल्या पोऱ्यांना कळेना, पेशंट कोणता.

आणि वर ती मला म्हणते, “बाई, तुमी भाऊवर रागावू नोका. त्यायनं तं चांगल्यासाठीच केलं.”

तिने शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. हे मला ऐकवेना. मी फोन अफिफाच्या हातात दिला.

तुम्हांला माहीत आहे, मी शाळेत गेले नाही. दर्यापूरला अब्बांच्या किराणा दुकानात पुड्या बांधायच्या रद्दीवर अक्षरं शिकले. अर्ध्या बातम्या वाचल्या आयुष्यभर, कारण उरलेला कागद दुसऱ्या पुडीला गेलेला असायचा. तेव्हापासून सवय आहे, नसलेला अर्धा भाग आपणच जुळवायचा. तुमच्या पत्रांतही तेच केलं, आणि इतके दिवस जुळत नव्हतं ते काल जुळलं.

तुम्ही मूर्ख नाही. गादीच्या वजनावरून आत रुई किती आणि भुसा किती हे सांगणारा माणूस मूर्ख नसतो. मग छातीच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेलं, आदितीने तुमच्या डोळ्यांसमोर पाय बळकट करून दाखवलेलं, ते सगळं सोडून तुम्ही त्याच फळीवर काहून गेलात?

कारण त्या फळीने तुम्ही बरे झालात, तर दुकानाचा गुन्हा नाही.

तसंच आहे ना? तुमचे अब्बा गेले तेव्हा घरात म्हणाले, थंडी बाधली. जेठ गेले तेव्हा म्हणाले, बिडी. जेठांनी बिडी ओढली नव्हती, तरी सगळ्यांनी मान डोलावली. कोणी मशीनकडे बोट केलं नाही, कारण त्या मशीनने आपल्याला खाऊ घातलं, अफिफाचं लग्न केलं, हातातली पिंजण गेल्यावर लोक आपल्याला विसरले नाहीत ते त्या मशीनमुळे. आता डॉक्टरांनी पहिल्यांदा तिचं नाव घेतलं, आणि तुम्हांला ते सहन होईना. बापाच्या धंद्यावर खुनाचा आळ आला म्हणून तुम्ही वकील होऊन उभे राहिलात, आणि साक्षीदार म्हणून देवमनभाऊंना चढवलं.

मी येत नाही. रविवारीही नाही. तुम्ही देवमनभाऊंजवळ जाऊन बसा. पेरू नेऊ नका.

नसीमबानो

अमरावती
१९ मार्च २०१५

अय्युब मियाँ,

पत्र मिळालं. बऱ्याच दिवसांनी तुमच्या हातचं खरं काहीतरी वाचलं. राग खरा आहे. रागाला मी राग देऊ शकते, पेरूला काय देणार.

तुम्ही लिहिता, देवमन आता बरा आहे, घरी आला, तुझ्या तोंडून खून हा शब्द निघाला तो मी विसरणार नाही. नका विसरू.

आणि शेवटी लिहिता, तुमच्याच शब्दांत उतरवते, म्हणजे तुम्हांला पुन्हा बघता येईल: “तुले काय मालूम दम काय असते. तू तं चांगली हिंडून फिरून राहिली. बाहेरून बोलणं सोपं असते.”

हे वाचलं तेव्हा मी अफिफाच्या ओट्याशी भाकरी थापत होते. भाकरी जळाली. अफिफा म्हणाली, अम्मी, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, तुझ्या अब्बांनी माझी तब्येत विचारली.

तर ऐका, मला काय मालूम आहे.

मोर्णेच्या पुलावर मी दर वेळेस थांबते आणि कठड्याला टेकून पाणी बघते, हे तुम्ही वर्षानुवर्षं पाहिलं आहे. चिडवतही होता, की बानोला नदी फार आवडते. आता नदीत पाणी नाही. तरी मी थांबते. सुकलेला गाळ बघायला कोणी थांबत नसतं.

भाजीवालीशी मी एवढी घासाघीस करते म्हणून तुम्ही लाजता. मनकर्णाच्या टोपलीजवळ टेकायला एक दगड आहे. भाव दोन मिनिटांत ठरतो, बाकीचं बोलणं छाती खाली बसेपर्यंतचं असतं. मनकर्णाला माहीत आहे. तिने कधी तोंडातून काढलं नाही. ती मलाच उलट शिव्या घालून वेळ काढून देते.

इफ्फतला मी आता झोपताना गाणं म्हणत नाही, गोष्ट सांगते. गोष्टीत मध्येच थांबता येतं. ती विचारते, मग काय झालं, आणि तेवढ्यात मी श्वास घेऊन मोकळी.

सेहरीला उठल्यावर पाण्याचा हंडा तुम्ही उचलायचे बंद झालात, तेव्हापासून मी तो अर्धाच भरते. तुम्हांला वाटलं नळाला पाणी कमी येतं.

आणि हे सगळं कुठून आलं? मशीनच्या आधी ती धनुष्यासारखी पिंजण तुमच्या हातात होती. तुम्ही तार छेडायचे, आणि समोर बसून रुई पसरायची मी. मशीन आल्यावर तुम्ही मागून गादी घालायचे, आणि पुढून निघालेली रुई हातांनी उचलून खोळीत भरायची मी. धूळ पिंजणाऱ्यावर कमी आणि भरणाऱ्यावर जास्त बसते. घरी आल्यावर तुमचे केस झटकायचे, आणि तुम्ही नमाजला गेलात की माझे. माझे पांढरे केस वयाने झाले असं तुम्हांला खरंच वाटलं का?

त्या नळीत आदितीने मला हौसेने नाही फुंकायला लावलं. मी जिना चढून आले आणि बोलता येईना, तेव्हा लावलं. मग छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नळ्या आवळल्या आहेत. तुमच्याइतक्या नाहीत, पण त्याच रस्त्यावर आहेत. पाटीवर मी तुमची वेळ राखायला उभी राहते, असं मी लिहिलं होतं. पहिल्या दिवशी ते खरं होतं. आता ती माझी वेळ आहे. तुमची तिच्या आधीची. आदितीने लागोपाठ दिल्या आहेत.

मी हे आधी काहून नाही सांगितलं, हे विचारू नका. तुमचा दम घरात एवढी जागा घेऊन बसला होता की दुसऱ्याला पाय ठेवायला जागा नव्हती. तुमच्यासाठी चूल, तुमच्यासाठी वाफारा, तुमच्यासाठी रात्रीची उशी. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. प्रेमाने करत होते. पण एवढ्या पत्रांत तुम्ही पेरूच्या झाडाची तब्येत लिहिली, देवमनची लिहिली, स्वतःची लिहिली. एकदा तरी, बानो, तुझं कसं काय, एवढं लिहायचं होतं.

आता सांगा, बाहेर कोण उभं आहे.

नसीम

अमरावती
५ एप्रिल २०१५

अफिफाच्या अब्बांना,

सलाम.

तुम्ही काल येऊन गेलात. मला कळवून आला नाहीत, आणि मला भेटूनही गेला नाहीत, म्हणून पुन्हा कागदच.

मी बाकावर बसले होते. दारातून आधी पंचफुला आत आली, मग देवमनभाऊ, आणि मग तुम्ही, भाऊंच्या दंडाला धरून. कोण कोणाला आणून राहिलं होतं ते समजत नव्हतं, दोघांचीही धाप सारखीच. तुम्ही माझ्याकडे बघितलं, मी बघितलं, आणि तुम्ही सरळ आदितीकडे गेलात.

“पोरी, आधी याले पाह्य. माह्याच्यानं झालं हे. मी मागून.”

बस्स, तेवढंच बोललात. पण माझ्यासमोर बोललात. ते मी ऐकलं.

आदितीने भाऊंना पाटीवर चढवलं नाही, त्यावर तुम्ही तिच्याशी वाद घातलात. इतक्या लांबून जीपने, बसने आणलं आणि नुसतं खुर्चीत बसवून फुंकर मारायला काहून शिकवते म्हणून. ती म्हणाली, बरगडी जुळू द्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणा, तोवर ओठ आवळून हळूहळू श्वास सोडायचा, हाच त्यांचा व्यायाम. भाऊंनी मात्र इमानदारीने फुंकर मारली. पंचफुला म्हणाली, “घरी चूल फुकाले सांगतलं तं दम लागते यायले.” सगळी खोली हसली. तुम्हीही हसलात. मी नाही हसले, पण ते दाखवण्यापुरतं.

मग तुम्ही चढलात. तुमचे पाय बघून मला वाईट वाटलं. डिसेंबरात जे कमावलं होतं ते सगळं त्या फळीवर घालवलंत. पहिल्यांदा उभे राहिलात ते लगेच बसलात. दुसऱ्यांदा त्याहून जरा जास्त. आदितीने आकडा बघून तुमच्या बोटाचा चिमटा काढला. तिने मला हाक मारली, चाची, चाचांनंतर तुम्ही. मी उठून चपला काढल्या.

आणि तुम्ही खुर्चीवरून उठलात, खांद्यावर रुमाल टाकला आणि निघून गेलात. अफिफाकडे चहा टाकलेला होता. बसला वेळ होता. मी खिडकीतून बघितलं, तुम्ही समोरच्या पानठेल्याच्या सावलीत पाठ करून उभे होता, माझं सगळं होईपर्यंत.

संध्याकाळी पंचफुलाने फोन केला. तुम्ही मशीनच्या मोटरीचा पट्टा काढून टाकला, जुन्या गाद्या घेऊन येणाऱ्यांना परत पाठवता, आणि ओट्यावर बसून नुसत्या खोळी शिवता, हे तिच्याकडून कळलं. तुमच्या तोंडून कळायला पाहिजे होतं. मग मी विचारलं, भाऊ माझ्या वेळेला काहून निघून गेले? ती म्हणाली, भाऊ म्हणाले, “मले ते पाहवत नाई.”

पाहवत नाही.

मला तुमचे जांभळे ओठ पाहवले होते का? धुळीच्या धुक्यात त्या फळीवर हसत उभे राहिलेले तुम्ही, ते पाहवलं होतं का? तुमच्या अब्बांना वाकून उशीवर डोकं टेकवून रात्र काढताना बघत होते, शेजारी तुम्ही घोरत होता, ते पाहवलं होतं का? मी पाहिलं. पाहवतं की नाही असं मला कोणी विचारलं नव्हतं.

मशीन बंद झालं, ते चांगलं झालं. तेवढं मी मागितलं होतं आणि तेवढं तुम्ही केलं. कबूल आहे. पण मशीन बंद केलं म्हणजे मशीनने काय केलं ते बघायचं काम संपत नाही. त्यातलं अर्धं तुमच्या छातीत आहे, अर्धं माझ्या. आपल्या अर्ध्याकडे तुम्ही डोळे उघडे ठेवून बघितलं, आणि माझ्या अर्ध्याला पाठ करून पानठेल्याजवळ उभे राहिलात.

मी अजून रागातच आहे. अकोल्याला यायचं की नाही ते ठरवलेलं नाही. पण गुरुवारी सकाळची बस आहे. आधी तुमची पाळी, मग माझी. उतरल्यावर खुर्चीवर बसा, श्वास खाली येऊ द्या, मग उठा. बाहेर जाऊ नका. पाटीच्या बाजूला येऊन उभे राहा. मी गुडघे वाकवले की माझे पाय लटपटतात, आणि पहिल्या क्षणी मला दर वेळेस वाटतं की मी पडणार. ते मी आदितीला सांगितलेलं नाही.

पाहा. पाहवत नसलं तरी पाहा.

तुमची
नसीमबानो